भागभांडवलाची पारख : एका पत्राचा आणि बारा भागधारकांचा इतिहास

आपल्या मंडळाच्या वार्षिक अंकात गुणवंत विद्यार्थ्यांची व उपवर मुलामुलींची माहिती छापण्याची प्रथा जुनी आहे. जुने अंक काढून ती पाने ओळीने चाळली, तर ज्ञातीच्या उपजीविकेचा एक छोटासा इतिहासच वाचावयास मिळतो. एके काळी नावापुढे ‘शाळेत शिक्षक’, ‘रेल्वेत नोकरी’, ‘मामलेदार कचेरीत कारकून’ असे असे. पुढे ‘बँकेत अधिकारी’ आले, ‘इंजिनिअर’ आले, ‘परदेशी वास्तव्य’ आले. आता ‘स्वतःचा स्टार्टअप’ हे शब्द दिसू लागले आहेत. नोकरी हाच ज्यांचा कुलाचार होता त्या घरांतील मुले चार माणसांस नोकरी देण्याची भाषा बोलू लागली, ही अभिमानाची गोष्ट आहे आणि आम्ही तिचे मनापासून स्वागत करतो.

परंतु नव्या धंद्यास भांडवल लागते. बँक तारण मागते. तरुणापाशी तारण नसते. मग तो मामांकडे, काकांकडे, सासऱ्यांकडे येतो. निवृत्तीच्या वेळी हाती आलेली पुंजी, विकलेल्या शेताचे पैसे, मुलीच्या लग्नासाठी बाजूस काढलेली ठेव, यांतून त्यास काही द्यावे काय, द्यावे तर किती द्यावे आणि कोणत्या नात्याने द्यावे, हा प्रश्न आज आपल्यापैकी अनेक घरांत उभा आहे.

आमच्या घरी तो उभा राहून गेला आहे. काही वर्षांपूर्वी नात्यातील एका होतकरू तरुणास आम्ही धंद्यासाठी चार लाख रुपये दिले. कागद केला नाही. आपल्याच माणसाशी कागद कसला करावयाचा, अशी आमची समजूत. तीन वर्षांत धंदा बंद पडला. तेव्हा असे उघडकीस आले की, आम्ही ते पैसे उसने दिले असे समजत होतो आणि काकांनी भाग घेतला असे तो समजत होता. दोघेही खरे बोलत होते. पैसे गेल्याचे दुःख यथावकाश ओसरले. पण तो मुलगा दिवाळीस घरी येईनासा झाला, ते दुःख ओसरलेले नाही. या अनुभवानंतर आम्ही या विषयाचा इतिहास थोडा वाचला. त्यातून जे हाती लागले ते ज्ञातिबांधवांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

दान, कर्ज आणि भाग

उद्योगास पैसे देण्याच्या तीन रीती आहेत आणि तिन्ही आपल्या महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. पहिली रीत दानाची. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला, त्याची कल्पना अशी की प्रत्येकाने वर्षास निदान एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून स्वदेशी उद्योग उभारावेत. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. त्या निधीतून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला. पैसा देणाऱ्याने नफ्याची अपेक्षा धरली नव्हती. त्याने देशकार्यास वर्गणी दिली होती आणि दिली तेव्हाच त्याचा हिशेब पुरा झाला होता.

दुसरी रीत कर्जाची. लक्ष्मणराव किर्लोस्करांस बेळगावची जागा सोडण्याची वेळ आली, तेव्हा औंधाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांस कुंडल रोड स्थानकाजवळील ३२ एकर माळ आणि १० हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. येथे लक्षात ठेवावयाची गोष्ट ही की, लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर त्यापूर्वीच तयार होऊन शेतकऱ्यांच्या हाती गेला होता. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीने पहिला नांगर विकण्यास दोन वर्षे लागली होती, आणि तीही या गृहस्थाने धीर न सोडता काढली होती. तेव्हा ते कर्ज मुखातील स्वप्नास मिळाले नाही. डोळ्यांनी पाहिलेल्या नांगरास आणि पारखलेल्या माणसास मिळाले.

तिसरी रीत भागाची. धंदा चालला तर नफ्याचा वाटेकरी, बुडाला तर नुकसानीचा वाटेकरी, आणि परतफेडीची मुदत नाही. अगदी बाल्यावस्थेतील धंद्यात स्वतःच्या खिशातून असा भाग घेणाऱ्यास आज ‘एंजल इन्व्हेस्टर’ म्हणतात. हा शब्द न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील रंगभूमीचा आहे. नाटक उभे करण्यास पैसे पुरविणाऱ्या धनिकास तेथील नाटकवाले देवदूत म्हणत. न्यू हॅम्पशायर विद्यापीठातील विल्यम वेट्झेल या प्राध्यापकांनी १९७८ च्या सुमारास नव्या कंपन्यांच्या भांडवलाचा अभ्यास करताना तो शब्द उद्योगक्षेत्रात आणला. शब्द नवा असला तरी व्यवहार जुना आहे. त्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण १९०३ सालचे, अमेरिकेतील डेट्रॉइट शहरचे आहे.

दोनदा फसलेला कारागीर

हेन्री फोर्ड यांचे नाव आज आपण यशाच्या शिखरावरून पाहतो. १९०३ च्या आरंभी तसे नव्हते. १८९९ साली डेट्रॉइटच्या धनिकांनी त्यांच्यासाठी एक मोटार कंपनी काढली. ती थोड्याशा गाड्या करून १९०१ साली मोडली. त्याच वर्षी दुसरी निघाली. भागधारकांशी न पटल्याने १९०२ च्या मार्चमध्ये फोर्ड तिच्यातून बाहेर पडले. भागधारकांस विक्रीयोग्य गाडी हवी होती आणि फोर्डांचे मन शर्यतीच्या यंत्रात गुंतले होते. त्याच मागे राहिलेल्या कंपनीची पुढे कॅडिलॅक झाली. चाळिशीस आलेला आणि दोनदा फसलेला हा कारागीर तिसऱ्यांदा भांडवल मागत होता. आपल्या ओसरीवर असा मनुष्य आला असता, तर आपण त्यास चहा पाजून वाटेस लावले असते!

मग अकरा जणांनी त्यास साथ का दिली? पहिला साथीदार अलेक्झांडर माल्कमसन हा कोळशाचा व्यापारी. त्याने स्वतःचा हिशेबनीस जेम्स कझेन्स यास नव्या धंद्याची वही सांभाळण्यास आणले. १६ जून १९०३ रोजी कंपनी नोंदली गेली. शंभर डॉलरचा एक, असे १ हजार भाग वाटले गेले. पैकी फोर्ड व माल्कमसन यांस प्रत्येकी २५५ मिळाले. माल्कमसनचे चुलते, बँकर जॉन ग्रे यांनी १० हजार ५०० डॉलर भरून १०५ भाग घेतले आणि तेच पहिले अध्यक्ष झाले. डॉज बंधूंनी बव्हंशी यंत्रभागांच्या रूपाने मोल देऊन ५०-५० भाग घेतले. सुतारकामाचा कंत्राटदार अल्बर्ट स्ट्रेलो याने आपली इमारत भाड्याने दिली व ५० भाग घेतले. कझेन्सने जमवाजमव करून २५ भाग घेतले. त्या जमवाजमवीत त्याची शिक्षिका बहीण रोझेटा हिचे १०० डॉलर होते. सारे मिळून रोख भांडवल जमले ते केवळ २८ हजार डॉलर.

ही यादी नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. हे बारा जण परस्परांस अनोळखी नव्हते. चुलता, चुलतभाऊ, हिशेबनीस, वकील, घरमालक, माल पुरविणारे, अशी ती आपल्या ज्ञातिमंडळासारखीच मंडळी होती. म्हणूनच त्यांचा इतिहास आपणांस उपयोगी आहे.

मुलाने वडिलांस लिहिलेले पत्र

त्या बारांत जॉन अँडरसन नावाचा एक तरुण वकील होता. त्याचा भागीदार होरेस रॅकहॅम याच्यासह त्याने कंपनीचे कागद तयार केले होते. ५० भाग घेण्यास ५ हजार डॉलर हवे होते आणि ते त्याच्यापाशी नव्हते. त्याने विस्कॉन्सिन राज्यातील ला क्रॉस गावी डॉक्टरी करणाऱ्या आपल्या वडिलांस जून १९०३ मध्ये पत्र लिहून ते मागितले. ते पत्र आज उपलब्ध आहे आणि प्रत्येक होतकरू तरुणाने त्याचा नमुना डोळ्यांपुढे ठेवावा असे आहे.

त्यात मोटारीच्या भवितव्याविषयी मोठमोठी वाक्ये नाहीत. हिशेब आहे. गाडीचा सांगाडा व यंत्र डॉज बंधू करणार, असे ६५० संच प्रत्येकी २५० डॉलर दराने, करार झालेला. गाडीची बैठक कोणाकडून, चाके कोणाकडून, टायर कोणाकडून, प्रत्येकाचा दर काय, हे लिहिले आहे. जुळणीच्या जागेचे भाडे महिना ७५ डॉलर. विक्रीचा खर्च धरून एका गाडीस सुमारे ५५४ डॉलर पडतात आणि ती ७५० डॉलरास विकावयाची आहे. फरक १९६ डॉलरचा असताही अँडरसनने नफा १५० च धरला आहे, कारण अंदाजात चूक होऊ शकते. माल्कमसन कोण, त्याची पत काय, फोर्डांचे कसब काय, हेही त्याने लिहिले आहे. वडिलांनी पत्र वाचले आणि पैसे दिले.

फोर्डांच्या आधीच्या दोन प्रयत्नांत आणि या तिसऱ्यात जो फरक आहे, तो या पत्रात दिसतो. कारागीर तोच होता. या वेळी त्याच्या शेजारी वही घेऊन बसणारा, माल वेळेवर बाहेर काढणारा आणि पैशापैशाचा जाब विचारणारा कझेन्स होता. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कंपनीच्या खात्यात केवळ २२३ डॉलर ६५ सेंट उरले होते. १५ जुलै रोजी शिकागोच्या एका दंतवैद्याचे ८५० डॉलर आले आणि पहिली गाडी विकली गेली. कंपनी तरली ती भागधारकांच्या आशेने नव्हे, तर गिऱ्हाइकाच्या पैशाने.

नफा कोणास मिळाला

पुढची कथा सर्वश्रुत आहे. वर्ष-सव्वा वर्षातच लाभांशाच्या रूपाने भागधारकांचे बहुतेक भांडवल परत आले. १९०८ साली मॉडेल टी निघाली. १९१९ साली फोर्ड घराण्याने इतरांचे सर्व भाग सुमारे साडेदहा कोटी डॉलरास विकत घेतले. अँडरसन व रॅकहॅम यांस ५ हजारांचे प्रत्येकी सव्वा कोटी डॉलर मिळाले. रोझेटाबाईंच्या १०० डॉलरचे २ लाख ६२ हजार झाले, आणि मधल्या काळातील लाभांश वेगळा.

पण बाराही जणांचे भाग्य सारखे नव्हते. स्ट्रेलोने १९०५ मध्ये आपले भाग २५ हजार डॉलरास विकले आणि तो पैसा सोन्याच्या खाणीत घालून घालविला. माल्कमसनने दुसरी मोटार कंपनी काढली. त्यामुळे सहकाऱ्यांशी बिघडून १९०६ मध्ये त्यास १ लाख ७५ हजारांत आपला चौथा हिस्सा फोर्डांस द्यावा लागला. जॉन ग्रे यांचा तर या धंद्याच्या आयुष्यावर शेवटपर्यंत विश्वास बसला नाही, असे सांगतात. ते १९०६ साली वारले, तेव्हा त्यांचे भाग घरातच होते आणि वारसांनी ते राखले, म्हणून वारसांस २ कोटी ६२ लाख ५० हजार डॉलर मिळाले.

जे शेवटपर्यंत टिकले त्यांनाही झगडावे लागले. १९१६ साली कंपनीच्या तिजोरीत अमाप पैसा असता फोर्डांनी विशेष लाभांश बंद केला. डॉज बंधूंचा वाटा दशांश होता, फोर्डांचा निम्म्याहून अधिक. डॉज बंधू न्यायालयात गेले आणि १९१९ च्या फेब्रुवारीत मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ९० लाख डॉलरचा लाभांश वाटावयास लावला. त्यावर फोर्डांनी नवी कंपनी काढण्याची हूल उठविली आणि त्या धास्तीत इतरांनी भाग विकले. सोन्याची कोंबडी घरात असूनही अंडे केव्हा मिळावे हे अल्पमतातील भागधारकाच्या हाती नसते, हा त्याचा अर्थ.

या इतिहासाचा बोध

पहिला बोध असा की, पैसे देण्यापूर्वी ते दान, कर्ज की भाग हे कागदावर लिहावे. बारा भागधारकांत चुलते-पुतणे होते, तरी वकिलांनी कागद केला. कागद हा अविश्वासाचा पुरावा नव्हे. उद्या स्मरणशक्ती दगा देईल, तेव्हा नाते वाचविणारा तो साक्षीदार आहे. त्यात आपला वाटा किती, पुढे नवे भागधारक आले तर तो किती उरेल, हिशेब केव्हा पाहावयास मिळेल आणि भाग विकावयाचा झाल्यास कोणास विकावा, एवढे तरी असावे.

दुसरा बोध माणसाच्या पारखीचा. १९४६ साली बोस्टनमध्ये जॉर्ज दोरिओ या हार्वर्डच्या प्राध्यापकांच्या पुढाकाराने नव्या उद्योगांस भागभांडवल पुरविणारी एक संस्था निघाली. कल्पना दुय्यम असली तरी चालेल, माणूस अव्वल हवा, हा दोरिओंचा दंडक होता. आम्ही त्यास एवढीच पुस्ती जोडतो की, माणूस एकटा पाहू नये. फोर्डांस कझेन्स मिळाला काय, हे पाहावे. यंत्र करणारा आणि वही सांभाळणारा हे दोन्ही गुण एका देहात क्वचितच असतात. पूर्वी अपयश आले असेल तर तेवढ्याने त्यास अपात्र ठरवू नये. त्या अपयशाचे कारण तो कसे सांगतो ते ऐकावे. जो सारा दोष दुसऱ्यावर टाकतो, तो उद्या आपल्यावरही टाकील.

तिसरा बोध गिऱ्हाइकाचा. आज ‘वापरणारे’ किती, हा आकडा फार ऐकू येतो. फुकटचा फराळ खाणाऱ्यांवरून खानावळीची पत ठरत नाही. खिशातून पैसे काढून देणारे किती, ते पुन्हा येतात काय आणि एक नग विकल्यावर सर्व खर्च वजा जाता काय उरते, हे अँडरसनप्रमाणे एका पानावर लिहून मागावे. ज्यास ते पान लिहिता येत नाही, त्यास धंदा अजून समजला नाही असे जाणावे. त्यास हाकलू नये, सहा महिन्यांनी यावयास सांगावे.

चौथा बोध आपल्या स्वतःच्या ज्ञानाचा. १९९८ च्या ऑगस्टमध्ये अँडी बेखटोल्सहाइम यांनी थोडक्या वेळच्या भेटीत दोन विद्यार्थ्यांस १ लाख डॉलरचा धनादेश दिला, तोही गूगल या तेव्हा नोंदलीही न गेलेल्या कंपनीच्या नावे. ही कथा घाईचे समर्थन म्हणून सांगितली जाते. परंतु ते सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते. त्या काही मिनिटांमागे सारी हयात होती. ज्या धंद्यातले आपणांस कळते, त्यातच भाग घ्यावा. शिक्षकाने शिक्षणाच्या उद्योगात व औषध विक्रेत्याने औषधाच्या उद्योगात चार पैसे घालणे शहाणपणाचे. दोघांनीही ऐकीव गोष्टीवर तिसऱ्याच क्षेत्रात उडी घेणे हे नव्हे.

पाचवा बोध सर्वांत कडू आहे. आम्ही येथे फोर्ड कंपनीचा इतिहास सांगितला, कारण ती टिकली. त्या काळात अमेरिकेत मोटारींच्या शेकडो कंपन्या निघाल्या व बुडाल्या. त्यांच्या भागधारकांची चरित्रे कोणी लिहीत नाही. दोरिओंच्या संस्थेने १९५७ साली डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत ७० हजार डॉलर घातले आणि पुढील पंधरा वर्षांत त्यांचे ३५ कोटींच्या वर मोल झाले. पण त्या संस्थेच्या एकूण लाभाचा मोठा हिस्सा त्या एकाच भागातून आला. या व्यवहाराचे स्वरूपच असे आहे की पुष्कळ भाग बुडतात आणि एखादा सर्वांची भरपाई करतो. म्हणून सारी पुंजी एका पुतण्याच्या धंद्यात घालणे म्हणजे गुंतवणूक नव्हे, ते दैवावर हवाला ठेवणे आहे. म्हातारपणाचे औषधपाणी, राहते घर आणि मुलांचे शिक्षण यांस हात लावू नये. जे समूळ गेले तरी रात्री झोप लागेल, तेवढेच द्यावे.

कायद्याविषयीही दोन शब्द. भारतात २०१२ पासून एंजल टॅक्स म्हणून एक कर होता. वाजवी मोलाहून अधिक भावाने भाग दिल्यास वरची रक्कम कंपनीचे उत्पन्न धरली जाई. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला. त्यामुळे एक अडचण दूर झाली, जोखीम मात्र दूर झालेली नाही. दुसरे असे की, २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे खासगी कंपनीस आपले भाग घेण्याचे जाहीर आवाहन करता येत नाही. तेव्हा मंडळाच्या सभेत ध्वनिक्षेपकावरून असे आवाहन करण्याचा मोह तरुणांनी आवरावा आणि कार्यकर्त्यांनीही त्यास वाव देऊ नये.

मंडळास आमची एक नम्र सूचना आहे. आपला शिष्यवृत्ती निधी हे दान आहे; त्यास या व्यवहाराचा स्पर्श होऊ देऊ नये. परंतु ज्ञातीत हिशेबतपासनीस आहेत, वकील आहेत, कारखाने चालविलेले अनुभवी गृहस्थ आहेत. वर्षातून दोन वेळा त्यांनी एकत्र बसून तरुणांची ती एका पानाची टिपणे वाचावीत, प्रश्न विचारावेत आणि सल्ला द्यावा. पैसे कोणी कोणास द्यावेत हा ज्याचा त्याचा प्रश्न. पारख मात्र सामुदायिक असू शकते. पुष्कळदा तरुणास भांडवलापेक्षा चार परखड प्रश्नांची अधिक गरज असते.

आणि शेवटी एक घरगुती गोष्ट. हा अंक त्या तरुणाच्या घरीही पोचतो. आम्ही कागद केला नाही, हिशेब मागितला नाही, एका पानाचे टिपण मागण्याचे कष्ट घेतले नाहीत, ही चूक वडीलधाऱ्यांची होती. ते चार लाख आम्ही आमच्या वहीत भाग म्हणून लिहिले आहेत आणि भाग बुडाला की तो बुडाला. त्याचे येणे कोणाकडे राहत नाही. धंदा पुन्हा करावयाचा असेल तर त्याने पान लिहून आणावे, आम्ही वाचू. नसेल करावयाचा, तरी या दिवाळीस त्याने फराळास यावे.